मेंदू उघडा अन् माइक चालू

मेडशीत कोणाचंही लगन असो, माइक माह्या नवऱ्याच्या, आमच्या साक्षीच्या बापाच्याच हातात. गाव त्याले देवमनभाऊ म्हणते. "नवरदेवाच्या मामांनी स्टेजवर यावं, केनवडच्या पाव्हण्यांनी जेवल्याशिवाय जाऊ नये," हे सांगता सांगता जलम गेला त्याचा. घरीबी तेच. माहं डोस्कं उठे.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं भर मांडवात नवरदेवाच्या बापाले "बादली" म्हणून बोलावलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा बादली! उजवा हात झटके देऊन राह्यला. लोक म्हणे, घेतली वाटते. ज्यानं जल्मात दारूचा थेंब घेतला नाई, त्याले ओढून बाहेर काढलं. असा संताप आला मले!

नागपूरले डोक्याचा फोटो काढला, त मेंदूच्या डाव्या अंगाले गाठ. नेमकी बोलण्याच्या जागेजवळ. डॉक्टर म्हणे, "जागेपणीच ऑपरेशन करू. वरची कातडी बधिर करतो, मेंदूला स्वतःला दुखत नाही. यांनी नुसतं बोलत राहायचं. हलका करंट लावल्यावर जिथं बोलणं थांबेल, तिथली गाठ काढणार नाही."

मी म्हटलं, "साहेब, सगळी काढा. मुका झाला त चालन, जिता पाह्यजे."

साक्षीचा बाप माह्याकडे पाहतच राह्यला. "मुक्यानं जगून काय करू वं?" म्हणे, अन् कागदावर सोताच सही ठोकली.

आतलं मले भूलवाल्या मॅडमनं सांगतलं. डोस्कं उघडं, अन् हा सुरू! "मॅडमचा सत्कार नर्सबाई करतील. डॉक्टरसाहेबांनी हातातलं काम सोडून स्टेजवर यावं!" डॉक्टर म्हणे, "आत्ता नाही जमत हो." एका जागी मात्र करंटची तार लावली की बोलणं बंद, काढली की सुरू. गाठीचा तेवढा तुकडा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी इचारलं, "पानी देऊ?" चूप. "दुखते का?" चूप. वाचा गेली म्हणून मी पळतच सुटली. डॉक्टरले हाताले धरून आणलं. त्यानं चित्रं दाखवली. "बैल. कुलूप. छत्री," हा पटापट बोलला!

डॉक्टर हासला. "बोलणं शाबूत आहे, ताई. ते फक्त तुमच्याशी बोलत नाहीत."

आता मी रडू का हासू? "मुका झाला त चालन" म्हटल्याचा राग! चांगल्या शिव्या घातल्या. तो भिंतीकडे तोंड करून पडला. उरलेल्या तुकड्याले रेडिएशन देणार हायेत, अन् दर तीन महिन्यानं पुन्हा फोटो. तुकडा वाढला त काय, हे कोणालेच ठाऊक नाई.

"रुस," मी म्हटलं, "रुसाचं तेवढं रुस. पुरा जलम रुस. मी बसली हाव इथंच."