लहूमामाची निळी रेघ

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अलिबागच्या छापखान्याच्या पायरीवर उभी होते. काखेत पत्रकांचा गठ्ठा होता. ‘मासळी वाळवायच्या जागेवर गाड्या नकोत’ असा मथळा, आणि खाली सह्या करणाऱ्यांची नावं. अशी पत्रकं आम्ही तीन वर्षं काढतो आहोत आणि प्रत्येकावर पहिलं नाव माझ्या मामाचं असायचं. या गठ्ठ्यातल्या एकाही कागदावर ते नव्हतं. मीच खोडलं होतं. मामी फोनवर म्हणाली, “सकाळी गॅरेजात काम करता करता खाली बसला, तो उठलाच न्हाय. तू ये.” मी गठ्ठा तसाच घेऊन एसटीत बसले...

काशीदहून मुरुडकडे येताना आमच्या वाडीच्या वळणावर मामाचं गॅरेज आहे. कोळ्याच्या घरात जन्मून त्याला होडी लागायची. थोरल्या भावाबरोबर पहिल्यांदा समुद्रात गेला तो ओकून ओकून अर्धमेला होऊन परतला. बायका अजूनही त्याला चिडवायच्या, “लहू, तुझी होडी जमिनीवरच बरी.” तो हसायचा आणि पुन्हा गाडीखाली शिरायचा. माझे वडील पत्रकं लिहायचे, मिठागरांसाठी, जेट्टीसाठी, नळाच्या पाण्यासाठी. गोष्टींच्या पुस्तकांआधी मी त्यांच्या पत्रकांवरच वाचायला शिकले. वडील गेल्यावर लिहिणारी मी उरले आणि पत्रकं घरोघर पोचवणारा मामा. “तू लिव, बाय. मी वाटतो. माझ्या हाताचं काळं लागलं कागदाला तर लोक जपून ठेवतील,” असं म्हणायचा. कागदांवर खरोखरच त्याच्या अंगठ्याचे काळे ठसे असायचे.

त्याचं काम बघत बसायला मला आवडायचं. विशेषतः गाडीचे धक्के झेलणारे पुढचे शॉकअप जोडण्याचं. खड्ड्यांत पोट घासतं म्हणून लोक गाडी उंच करून घ्यायचे. मग जुने शॉकअप काढून त्या जागी लांब दांड्याचे नवे आणि त्यांच्यावर उंच स्प्रिंग. ती स्प्रिंग आधी दाबावी लागते. दोन बाजूंना दोन क्लॅम्प लावायचे आणि या बाजूला दोन फेरे, त्या बाजूला दोन फेरे, असं जराही घाई न करता आवळत जायचं. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग निसटते आणि माणसाचा जबडा फोडते. “हिच्या तोंडासमोर उभं राहायचं न्हाय,” तो मला दर वेळी बाजूला सारायचा. स्प्रिंगचं टोक खालच्या खाचेत बसलं का ते बोटाने चाचपायचं, वरची टोपी बसवायची, मोठा नट आवळायचा आणि मगच क्लॅम्प सोडायचे, पुन्हा दोन-दोन फेऱ्यांनी. शेवटी नारळाच्या झाडूचा हीर भावाच्या होडीच्या उरलेल्या निळ्या रंगात बुडवून नटावरून दांड्यापर्यंत एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. गाडीवर शॉकअप चढवल्यावर खालच्या दोन नटांवरही तशीच रेघ. हे काम त्याने मलाही शिकवलं होतं, पण रेघ मात्र स्वतःच ओढायचा.

गेल्या हंगामात एका रविवारी एक उंच केलेली मोठी गाडी किनाऱ्यावरून सुसाट आली आणि आमच्या वलांडींमधून आरपार गेली. बोंबील वाळत घालायचे बांबू मोडले, आठवड्याची मासळी वाळूत तुडवली गेली, आणि पुढे ओल्या वाळूत गाडी रुतली. बायकांनी तिला घेरलं. गाडीत शेजारच्या रिसॉर्टचा मालक आणि त्याचे पाहुणे होते. पाणी चढत होतं, म्हणून ती ओढून काढायचा दोर बांधायला मी वाळूत आडवी झाले आणि चाकाच्या आत नजर गेली. दोन नट. दोन्हींवर निळी रेघ. निळी, आमच्या होडीची... बायका वर शिव्या घालत होत्या आणि मी खाली पडून ती रेघ बघत होते.

त्याच संध्याकाळी मी गॅरेजात गेले.

“मामा, ती गाडी तू उंच केलीस?”

“व्हय.”

“पत्रकावर पहिली सही तुझी आहे.”

“सही माझीच. नट आवळला तोपण मीच. दोन्ही घट्ट हायत.”

“त्यांना वाळूत गाडी घालता यावी म्हणून आवळलास ना?”

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, “टेम्पोचे पाटे बदलून बदलून हात गंजले, बाय. असलं काम इथं कोण देतं मला? एवढं नीट काम त्यांच्या शहरातल्या कारागिराला जमलं न्हाय, म्हणून ते माझ्याकडं आले.”

हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. मला राग त्याचाच आला, अजूनही येतो. गरज होती म्हणाला असता तर मी भांडले असते आणि विसरले असते. मी त्याला सांगितलं, बायकांपुढे हे कबूल कर. म्हणाला, “त्यांच्यापुढं नको. पण आता असलं काम घेणार न्हाय. शब्द देतो.” मी म्हटलं, मग पुढच्या पत्रकावर तुझं नाव नसेल. तो फक्त म्हणाला, “चालंल.” त्यानंतर तो जाईपर्यंत, पाच आठवडे, आम्ही बोललो नाही. रस्त्यात दिसला की मी मान वळवायचे.

तेरावं झाल्यावर मामीने गॅरेज उघडायला मला बोलावलं. बाकावर गोणपाट टाकलेलं होतं. मी ते उचललं. खाली दोन नवे, लांब, पुढचे शॉकअप. एक जोडून पुरा झालेला, त्याच्या नटावर निळी रेघ. दुसऱ्याची स्प्रिंग क्लॅम्पमध्ये दाबलेली, तशीच, इतके दिवस श्वास कोंडून धरल्यासारखी. खोक्यावर खडूने रिसॉर्टचं नाव. त्याच्याच अक्षरात.

शब्द देऊनही त्याने काम घेतलं होतं. तेच काम करता करता तो गेला.

“मी कोणाला सांगितलं न्हाय,” मामी दारातून म्हणाली. म्हणजे तिला ठाऊक होतं. मी विचारलं, वाडीतल्या लोकांनी मला मामावर लिहायला सांगितलंय, त्यात हे वगळू का? ती उंबऱ्यावर बसली. “लिवायचं तर सगळं लिव. अर्धं लिवलंस तर त्याचं पत्रक व्हईल.”

दुपारी रिसॉर्टचा माणूस आला. गोड बोलला, तुम्हाला हे काम येतं म्हणतात, तेवढा दुसरा पुरा करून द्या. मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. स्प्रिंगच्या बाजूला उभी राहिले, तोंडासमोर नाही. या बाजूला दोन फेरे, त्या बाजूला दोन. बराच वेळ लागला. ताण उतरला तशी स्प्रिंग कण्हल्यासारखी वाजली आणि मोकळी झाली. मग मी पुरा झालेला शॉकअप ओढला. त्याची स्प्रिंग पुन्हा दाबली आणि वरच्या नटाला पाना लावला. तो हलेना. मामाने आवळलेला होता. शेवटी अंगाचा भार टाकला तेव्हा नट फिरला आणि रेघ मधोमध तुटली. सगळे सुटे भाग खोक्यात भरून मी त्या माणसाच्या हातात दिले. त्याला जोडणारा दुसरा कोणी मिळेल, हे मला कळतं. पण त्यावर आमच्या होडीचा रंग नसेल.

ते दोन क्लॅम्प मी घरी आणले आहेत. वडिलांच्या पत्रकांच्या फडताळात ठेवले आहेत. मी मामाला माफ केलेलं नाही आणि पत्रकावर त्याचं नाव परत घातलेलं नाही. काल नव्या पत्रकांचा गठ्ठा बांधत होते. सुतळीला या बाजूने दोन फेरे दिले, मग त्या बाजूने दोन... आणि गाठ मारताना लक्षात आलं की मी गठ्ठ्याच्या समोर नाही, एका बाजूला सरकून उभी आहे.