वाटीएवढं भोक, पण गोल

टण्ण... आणि मग सिमेंटच्या जमिनीवर गर्रर्र. बशी टेबलावर फिरवून सोडली की शेवटी कशी घाईघाईने थरथरते आणि एकदम गप्प होते, तसा आवाज. पत्र्याला भोक पूर्ण पडलं की मधली चकती खाली पडायची, तिचा तो आवाज. पनवेलजवळच्या कोन गावातल्या शेडमध्ये आम्ही चौघे म्हातारे श्वास रोखून त्याची वाट बघायचो.

अॅल्युमिनियमचा कीस फार चिवट. शेड झाडून काढली तरी घरी आल्यावर तो चपलेत सापडतो, खिशात सापडतो. एकदा माझ्या आमटीत सापडला! त्या दिवसांच्या गोष्टींचंही तसंच झालंय. शेड गेली, तिथे आता कुठल्याशा कंपनीचं गोदाम उभं आहे, पण बोलायला बसलो की कुठून तरी एखादी निघतेच. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, बोलायलाही हळू. शेडवाला बाळाराम म्हणायचा, "नामाभाऊ बोलाया लागला का माजा चाय थंड होतो!" तेव्हा तुम्ही आपला चहा आधी पिऊन घ्या.

*

माझं पनवेलला पत्र्याच्या पेट्या आणि कपाटं बनवायचं दुकान होतं. एक दिवस तिथे पेंडसे साहेब आले. नवीन पनवेलला राहायचे. सगळी नोकरी मुंबईच्या विमानतळावर, मोठमोठी विमानं दुरुस्त करण्यात गेलेली.

"पत्र्याला भोकं पाडायचीत," म्हणाले.

"केवढी?"

"वाटीएवढी. काही त्याहून लहान."

"एवढंच ना?"

"एवढंच. पण गोल हवीत."

मी मनात म्हटलं, भोक गोलच असतं, चौकोनी कोण मागतो? पुढे कित्येक महिने मला कळत होतं, गोल म्हणजे काय ते!

साहेब स्वतःच्या हाताने विमान बनवत होते. खरंखुरं, माणूस बसून उडेल असं. कोनच्या बाळारामशेठची भाताची जुनी शेड होती, तिथे त्याचा सांगाडा उभा होता. पुढच्या पॅनलमध्ये उंची दाखवणारं, वेग दाखवणारं अशी घड्याळासारखी यंत्रं बसवायची होती. भोक जरा मोठं झालं तर यंत्र खडखडणार, जरा लहान झालं तर आत जाणार नाही.

विमानात शेजारी शेजारी दोन सीट होत्या. डावी साहेबांची. उजवी कोणाची ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"हिची. उजवी सीट हिच्यासाठीच केलीय."

"वहिनींना आवड आहे वाटतं?"

साहेब चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "ती म्हणते, आयुष्यभर विमानांनी माझा नवरा नेला, आता घरी आला तर सवतीला घेऊनच आला. त्या पत्र्यात मी पाय ठेवणार नाही!"

वहिनींनी तोवर शेडसुद्धा पाहिलेली नव्हती.

*

पहिलं भोक आम्ही आमच्यातल्या चौथ्याच्या, वर्कशॉपवाल्या फारुखभाईंच्या मशीनवर पाडलं. ते साहेबांच्या विमानाच्या नादाने आपलं पिलर ड्रिल, म्हणजे भोकं पाडायचं उभं मशीन, टेम्पोत घालून थेट शेडमध्येच घेऊन आले होते. घरी सांगितलं, मशीन दुरुस्तीला दिलंय.

फ्लाय कटर लावला. त्यात मधे ड्रिल असतं आणि बाजूच्या आडव्या दांडीला एक पातं. ते पातं कंपासासारखं फिरत गोल कापतं. मशीन सुरू झालं, पत्रा थरथरायला लागला, दात शिवशिवले. शेवटी चकती पडली. आम्ही चौघे वाकलो.

फारुखभाईंनी पत्रा उजेडात धरला. भोकाला चक्क तीन कोपरे!

"नामाभाऊ, हा गोल नाही मियाँ, हा समोसा झाला!"

साहेबांनी मग पत्र्याच्या खाली प्लायवूड, वर प्लायवूड, मधे पत्रा असं घट्ट आवळायला सांगितलं. मशीन अगदी सावकाश फिरवायचं आणि रॉकेलचे थेंब सोडत राहायचं. बाळारामला हे सगळं थोतांड वाटलं. आगरी गडी, अंगात ताकद. "क्लॅम्प कशाला पायजे? मी धरतो ना! आमी होड्या धरल्यात भरतीला!"

त्याने धरला. पातं पत्र्यात अडकलं आणि पत्राच पंख्यासारखा फिरायला लागला. बाळारामने नशिबाने वेळेत हात काढला. पत्रा सुटला तो त्याची टोपी घेऊन, दारातून बाहेर, थेट रस्त्यावर!

कोणाला लागलं नाही हे बघितल्यावर साहेबांनी पेन खिशाला लावलं आणि शांतपणे म्हणाले,

"चला. पहिलं उड्डाण झालं."

*

सरावाचे पत्रे खूप साठले. काहींत समोसा, काहींत अंडं, काही बरे. मी ते भंगारात द्यायला निघालो, तर बाळारामची बायको जनाबाई आडवी आली. "यो माला द्या." तिने एकाचे कडेचे कोपरे वाकवून पाय केले आणि भोकात गोल बुडाची हंडी ठेवली. हंडी हलेना, डुलेना.

झालं! शेजारणी यायला लागल्या. कोणाला माठासाठी, कोणाला टोपासाठी. एक म्हातारी तर आपली मडकीच घेऊन आली, म्हणाली, "माज्या मडक्याच्या मापाचा पाड."

साहेब कोणाला नाही म्हणाले नाहीत. उलट खूश. "नामाभाऊ, सराव होतोय ना!"

विमान उडेल तेव्हा उडेल. कोनमधल्या अर्ध्या स्वयंपाकघरांत ते आधीच पोचलं होतं!

*

लहान यंत्रांची भोकं सव्वादोन इंचांची. खरी यंत्रं साहेब मशीनजवळ आणू द्यायचे नाहीत, कीस आत गेला तर ती बिघडणार. मापाला तेवढंच एखादं कडं मिळालं तर बरं, असं त्यांचं चाललेलं. जनाबाई चहा घेऊन आली होती. तिने गंमत म्हणून हातातली बांगडी काढली आणि टेबलावरच्या यंत्राला घातली. मनगटात बसावी तशी बसली!

"दोन-चारची हाय, म्हंजे सव्वादोन इंच," ती म्हणाली, आणि आम्ही काही बोलायच्या आत काढून परत हातात घातली. "माजी नाय मिलनार. बाजारातून आना."

पाठवलं मला. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पनवेलच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात मी एका बाजूला उभा, सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत.

"दोन-चारची एक बांगडी द्या. धातूची."

"एकच?" दुकानदारीण म्हणाली. "हात कुठाय?"

"हात नाही."

"म्हणजे?"

"यंत्राला घालायची आहे."

बाईंनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. मग आवाज खाली करून, अगदी मायेने म्हणाल्या, "काका, कोणासाठीही घ्या हो. पण खोटं कशाला बोलता? वय झालं म्हणून काय झालं!"

आणि वर एक काचेची तशीच दिली. "तिला आवडेल," म्हणाल्या.

*

आता जो किस्सा सांगतो तो घडला तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

भोकं जमायला लागली होती. आरशासारखी. आतून बोट फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. साहेबांनी खरा पत्रा आणला. खालची कड आधीच वळवून घेतली. पुढच्या बाजूवर ओरखडा नको म्हणून कागदावरचा नकाशा आम्ही मागच्या बाजूला चिकटवला. आठवडाभर काम चाललं. दर चकतीला टण्ण, गर्रर्र, आणि फारुखभाईंचं "माशाल्ला!"

शेवटचं भोक पडलं. पत्रा उचलून विमानात धरला.

डाव्या सीटसमोर कोरा पत्रा. यंत्रांची सगळी भोकं उजव्या सीटसमोर!

मागून आखलं ते पुढून उलटं येणार, हे चार म्हाताऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कड वळवलेली, त्यामुळे पत्रा फिरवायची सोय नाही.

"मंग उलटा बसवा ना," बाळाराम म्हणाला.

"आणि उडू कसा? पाठीवर?" फारुखभाई खेकसले.

साहेबांचा चेहरा बघवेना. मग उजव्या सीटकडे बघत म्हणाले,

"आता विमान हिलाच चालवावं लागणार."

फारुखभाई आता नाहीत. त्यांच्या मयताला आम्ही गेलो होतो, तेव्हा बाहेर उभं असताना बाळाराम माझ्या कानात हेच वाक्य म्हणाला, आणि आम्ही दोघे तोंडावर रुमाल धरून हसलो. लोकांना वाटलं रडतोय. तेही खरंच होतं.

*

नवा पत्रा आला. या वेळी साहेब म्हणाले, "उजवीकडे एक भोक हिच्यासाठी ठेवू. हिला काय हवं ते विचारून या. मी विचारलं तर सांगणार नाही."

मी घरी गेलो. वहिनी भाजी निवडत होत्या. ठेंगण्या, नाजूक बाई, पण नजर कडक. उलट्या पॅनलची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"मी चालवलं असतं तर वेळेवर घरी तरी आणलं असतं," म्हणाल्या.

मी हळूहळू विचारलं, तुमच्या समोर कुठलं यंत्र बसवू?

"मी बसणारच नाही, तर माझ्या समोर कशाला काय?"

मी उठलो नाही, समोरची भेंडी पुसायला घेतली. मला ते जमतं. भेंडीची देठं कापता कापता त्या म्हणाल्या,

"घड्याळ लावा. साधं. या माणसाबरोबर गेलं की परत यायला किती उशीर झाला ते तरी कळेल."

ते भोक साहेबांनी कोणाला पाडू दिलं नाही. स्वतः कापलं. मग लहान कानस, मग काचपेपर, मग नुसतं फडकं. मी म्हटलं, "साहेब, घड्याळ बसल्यावर कड दिसणार पण नाही."

"माहीत आहे," म्हणाले, आणि पुसत राहिले.

*

त्या वर्षी दसऱ्याला वहिनी शेडमध्ये आल्या. पहिल्यांदाच. हातात हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. दारातच जाहीर केलं, "मी हत्यारांच्या पूजेला आलेय. दरवर्षी घरी करते. यंदा घरात पक्कडसुद्धा शिल्लक ठेवली नाही यांनी. विमानाशी माझं काही नाही!"

पूजा झाली. ड्रिलला माळ, कानशींना कुंकू. सगळ्यांना पेढे. पॅनल विमानात बसवलेलं होतं, यंत्रं चमकत होती. वहिनी तिकडे पाठ करून उभ्या.

बाळारामला राहवेना. "वयनी, एकदा बसून तरी बगा. पलून नाय जात, पंख नाय लावले अजून."

वहिनींनी वळून पाहिलं. पंख खरोखरच भिंतीला टेकून उभे होते.

"पंख नाहीत ना? मग बसते."

स्टुलावर पाय ठेवून, पदर खोचून त्या चढल्या आणि उजव्या सीटवर बसल्या. साहेबांनी माझा दंड धरला होता. बाहेरून आम्हाला पॅनलच्या वर फक्त वहिनींचं कपाळ आणि अंबाडा दिसत होता.

आतून आवाज आला, "अहो, मला समोरचं काही दिसत नाहीये. घड्याळ दिसतंय."

साहेबांनी विमानातल्या प्रत्येक वस्तूची उंची मोजली होती. बायकोची मोजायची राहिली होती!

वहिनी उतरल्या. साडी झटकली. "बरं झालं. मी येणार नव्हतेच," म्हणाल्या आणि ताट घेऊन गेल्या.

साहेब डाव्या सीटवर जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत. फारुखभाईंनी चहा नेला तो तसाच परत आणला. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "पॅनल खाली घेऊ. यंत्रं तीनऐवजी दोन रांगांत बसवू. नवा पत्रा, सगळी भोकं पहिल्यापासून."

"साहेब, एका बाईसाठी..." बाळाराम बोलायला लागला आणि साहेबांकडे बघून मोजपट्टी आणायला गेला.

नवा पत्रा आला. आखला, या वेळी पुढून. प्लायवूडमध्ये आवळला. रॉकेलची बाटली मी हातात घेतली. साहेबांनी मशीनच्या बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली.

वहिनी आत आल्या. काखेत एक चौकोनी, जाड उशी. घट्ट भरलेली, गडद निळ्या कापडाची, चारही कोपऱ्यांना शिवलेले बंद. त्यांनी आमच्यापैकी कोणाकडे पाहिलं नाही. स्टूल स्वतःच ओढलं. वर चढून उशी उजव्या सीटवर ठेवली, बंद एकेक करून सीटच्या नळीला बांधले, तळव्याने दाबून पाहिलं. मग त्यावर बसल्या आणि आधीच्याच पॅनलच्या वरून समोर, शेडच्या उघड्या दारातून बाहेर बघत राहिल्या.

बाळाराम काहीतरी बोलणार होता. फारुखभाईंनी त्याचा हात दाबला.

थोड्या वेळाने वहिनी उतरल्या. उशी तिथेच ठेवली. साहेब अजून बटणावर बोट ठेवून उभे होते. त्यांच्या शेजारून जाताना वहिनींनी त्यांच्या शर्टाच्या बाहीवरचा कीस बोटाने झटकला, आणि रिक्षाकडे चालत गेल्या.