योग्य पाण्यात धुतलेले सात शर्ट

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, चाळीस वर्षं लाँड्री चालवतात. त्यांना माणूस दाखवायची गरज नाही, कपडा दाखवला की पुरे. कॉलर बघून सांगतील की गृहस्थ चिडका आहे, खिसा बघून सांगतील की बायकोला घाबरतो. लग्नाआधी ह्यांचा शर्ट मला दाखवला असता तर बरं झालं असतं, असं मी म्हणते. त्या म्हणतात, "वहिनी, दाखवला असता तर तू आली नसतीस, आणि त्याला जन्मभर मलाच सांभाळावं लागलं असतं."

लाँड्रीचा सगळा जीव मागच्या अंगणातल्या विहिरीत. पाणी इतकं मऊ की साबण निम्माच लागायचा. मग टेकडीपलीकडे गॅस कंपनी आली. त्यांचं काम मला कळलं तेवढं सांगते. जमिनीत मैल-दीड मैल खोल भोक पाडायचं. त्यातून पाणी, वाळू आणि कसली कसली औषधं इतक्या जोरानं आत रेटायची की खालचा खडक तडकतो आणि गॅस वर येतो. गॅसबरोबर आणखी काय वर येतं आणि वाटेत कुठे कुठे शिरतं, ते खडकाला विचारायची सोय नाही.

वर्षभरात विहीर बुडबुडायला लागली. बादलीला सडक्या अंड्याचा वास, तासाभरात तळाशी तपकिरी गाळ. दवाखान्याच्या चादरी पिवळ्या पडल्या आणि दवाखान्यानं दुसरी लाँड्री बघितली. वन्संनी टँकर लावला, पण टँकरच्या जिवावर लाँड्री चालत नाही. "अजून दोन महिने, मग कुलूप," असं त्याच म्हणाल्या. असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

कंपनीकडे तीन अर्ज केले. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, चांगल्या जाड कागदावर: पाणी तपासले, वापरण्यास योग्य आहे. खाली कंपनीच्या इथल्या साहेबांची सही.

तिसरं उत्तर वाचून वन्संनी कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "योग्य आहे म्हणतात ना, वहिनी? मग आपण शंका घेणारे कोण?"

साहेबांचे कपडे आमच्याकडेच यायचे. त्या दिवशी सात पांढरे शर्ट आले होते. वन्संनी टँकरच्या पाण्याकडे पाठ केली आणि सातही शर्ट विहिरीच्या पाण्यात मन लावून धुतले. खळ घातली, कडक इस्त्री केली. खोटं कशाला सांगू, बादल्या मीच ओढल्या. शर्ट चहात बुडवल्यासारखे दिसत होते, पण घड्या फार सुरेख होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः गठ्ठा घेऊन हजर.

"बाई, हे कशात धुतलंत?"

"पाण्यात."

"कुठल्या पाण्यात?"

"योग्य."

साहेबांचे कान लाल झाले. "मला परवा हे घालून बैठकीला जायचंय. डाग काढून द्या."

"देते की. पण आधी चिठ्ठी लिहा." आमच्याकडे ही जुनी रीत आहे. डाग कशाचा ते गिऱ्हाईकानं स्वतःच्या हातानं लिहून सही करायची, म्हणजे शाईला चहाचं औषध लागत नाही आणि मागाहून वाद नको. वन्संनी शर्ट उजेडात धरला. "मी अडाणी. मला तर चहाचेच वाटतायत. चहा लिहा, सही करा."

"चहा?" साहेब म्हणाले. "मी रसायन शिकलोय, बाई. द्या इकडे तो कागद."

आणि साहेबांनी झरझर लिहिलं: डाग लोह व मँगनीजचे. विहिरीचे पाणी दूषित, कपडे धुण्यासही अयोग्य. खाली सही, हुद्दा, तारीख. शिकलेल्या माणसाला आपलं ज्ञान पोटात ठेवता येत नाही, हे मी घरीही पाहिलंय.

वन्संनी लिंबू-मीठ लावून, टँकरच्या पाण्यात खंगाळून शर्ट पांढरेशुभ्र करून दिले. धंद्याशी बेइमानी त्यांना जमत नाही. चिठ्ठी मात्र तिन्ही जाड कागदांसोबत तक्रारीला जोडून पाणी खात्याकडे गेली, आणि सुनावणी लागली. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी चारही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि साहेबांना एवढंच विचारलं, "सही आपलीच ना?"

साहेब म्हणाले, "ते मी शर्टांबद्दल लिहिलं होतं."

खात्यानं हुकूम काढला. विहिरीची तपासणी आता दुसऱ्यांकडून, आणि तोवर आमच्या गल्लीला कंपनीच्या खर्चानं नळाचं पाणी. महिन्याभरात नळ आला. तो सोडायला साहेबच आले. वन्संनी पहिला पेला भरून त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी सोबत आणलेल्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं, जमलेल्या बायकांकडे पाहिलं आणि प्यायले.

लाँड्री चालू राहिली. विहीर मात्र अजून बुडबुडते.

"तिचं काय?" वन्संनी त्या दिवशी नळापाशीच साहेबांना विचारलं होतं.

"वेळ लागेल, बाई."

"लागू दे की," वन्सं म्हणाल्या. "तुमचे शर्ट काय, माझ्याकडेच येतात."