नावापुढची बी.ए.
काल गराज आवरताना लेकीचा शाळेतला जुना चार्टपेपर हाताला लागला आणि त्या वाळलेल्या गोंदाच्या वासाने लॉकडाऊनमधलं इकडे परदेशातल्या आमच्या क्वेकर्स हिलच्या घरातलं डायनिंग टेबल आठवलं. शाळा घरूनच चालू होती आणि लेकीला प्रोजेक्ट मिळाला होता, अमेरिकेत फार पूर्वी युनिव्हर्सिटीची पदवी घेऊन शिक्षिका झालेल्या एका कृष्णवर्णीय बाईवर. साताऱ्याहून माझी आई व्हिडिओ कॉलवर बघत होती. तीही शिक्षिका, चाळिशीत शाळा आणि स्वयंपाक सांभाळून बाहेरून बी.ए. झालेली. लेकीने चार्ट कॅमेऱ्यासमोर धरला तशी आई म्हणाली, "अगं, तिच्या नावापुढे बी.ए. लिही की!" लेक म्हणाली, "आजी, नोबडी डझ दॅट हिअर." "नसू दे. कमावलीये तिने, लिही." लेकीने लाल स्केचपेनने लिहिलं. मग आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुझ्या लग्नपत्रिकेत माझी राहिली होती बघ." पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला होता. बाबांची बी.कॉम. आठवणीने घातली होती, आईच्या नावाआधी नुसतं सौ. मी म्हटलं, "बॉर्डर उघडली की येतो, तुझ्या नावाची पाटी लावू दारावर." "पितळेची हं," आई हसून म्हणाली. बॉर्डर उघडली तेव्हा आई नव्हती. पाटी मी पितळेचीच करून घेतली आणि इथल्या दारावर लावली. पहिल्यांदा घरी येणारं कोणीतरी ती वाचतं आणि विचारतं, "आई इथेच असतात का?"