बावीस आणि बावन्न

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, कंपनीच्या बसमध्ये चोवीस वर्षं शेजारी बसणाऱ्या मित्राला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच आहे—निदान तेवढं आधी कबूल करून टाकतो.

माझं काम मोजण्याचं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. माप घ्यायचं, आकडा वाचायचा, तक्त्यात लिहायचा. काही लोक न मोजताच खुर्चीत बसून तक्ता भरतात. त्याला आम्ही ‘बसून भरलेलं’ म्हणतो. मला ते लांबून ओळखू येतं. खरे आकडे थोडे इकडेतिकडे हलतात. बसून भरलेले सगळे शहाण्यासारखे ओळीत उभे असतात. अशा एका तक्त्यावरून मी एका ऑपरेटरला तीन दिवस घरी बसवलं होतं. तो म्हणाला, “साहेब, पीस तर चांगलाच निघाला ना?” मी म्हणालो, पीसचं सोड, तू मोजलं नाहीस.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की मी काय करतोय ते मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

माझी बायको मंगल. आम्ही दोघंही धाराशिवकडचे. पिंपळे गुरवला दुसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. मुलीचं लग्न झालं, घर रिकामं झालं, आणि मंगलनं एके दिवशी मोबाइलवर समुद्राच्या तळाचा व्हिडिओ पाहिला. पोपटी मासे, पिवळे मासे, दगडांची फुलं असावीत तशी प्रवाळं. म्हणाली, “अहो, हे आपल्या देशात आहे. अंदमानात. आणि बघायला पाणबुड्या व्हावं लागत नाही. जॅकेट घालायचं, चष्मा लावायचा, तोंडात नळी धरायची आणि नुसतं पालथं तरंगायचं.”

मी हो म्हणालो. का नाही म्हणणार? मला आखणी आवडते. बोटीच्या वेळा, भरती-ओहोटीचे तास, कुठे पाणी किती मीटर खोल, कुठल्या महिन्यात किती स्वच्छ—सगळं मी एका कागदावर मांडलं आणि फ्रिजवर लावलं. सहा दिवस, त्यातले तीन एका छोट्या बेटावर, एका बंगाली कुटुंबाच्या घरी. त्या घरच्या बाईंशी मंगल फोनवर हिंदीत बोलायची. त्यांना ती बौदी म्हणायची, म्हणजे वहिनी. बौदींचे सासू-सासरे बंगालमधून नेसत्या वस्त्रांनी त्या बेटावर आले होते, जंगल तोडून भातखाचरं केली होती. मंगलला त्याचं फार कौतुक. “आपल्यासारखेच की हो,” म्हणायची, “बाहेरून आले आणि तिथलेच झाले.” बौदी तिला आठवड्याच्या बाजाराला नेणार होत्या, मोहरीतला मासा शिकवणार होत्या. मंगल त्यांना पुरणपोळी करून घालणार होती. पुरणयंत्र सामानात बसेल का, याची चर्चा आमच्या घरी दोन दिवस चालली.

आणि मंगल पोहायला शिकली. सत्तेचाळिसाव्या वर्षी. टँकवर दुपारी बायकांची बॅच असायची. बाजारातले पोहायचे कपडे तिला पसंत पडेनात, म्हणून निळं ताणणारं कापड आणून तिनं स्वतःच पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा ड्रेस शिवला. तो बघून बॅचमधल्या तिघींनी तिच्याकडूनच शिवून घेतले. दोन महिन्यांत ती रुंदीत आरपार जायला लागली. जिना चढताना गाणं गुणगुणायची. एकदा केस पुसता पुसता म्हणाली, “पाण्यात माझं वजनच लागत नाही हो.”

आता माझं.

लग्न झालं त्या वर्षी मी तिला सांगितलं होतं, की लहानपणी गावच्या विहिरीत मी वरून सूर मारायचो. सूर मारणारी पोरं वेगळी होती. मी काठावर बसून त्यांचे कपडे राखायचो. एवढीशी थाप, सव्वीस वर्षांत ती कधी तपासली जाण्याची वेळ आली नव्हती. आता आली. मंगलच्या भावाला, बाळूला, काहीतरी वास लागला असावा. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, “दाजी, सरळ पाठीला भोपळा बांधा आणि उतरा समुद्रात. शाळेतले जपून ठेवले असतील की.” सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर मी सकाळी न्हाणीघराची कडी लावून बादलीत तोंड बुडवायला लागलो. कुणाला खरं वाटणार नाही, पण पन्नाशीचा माणूस बादलीपुढे उकिडवा बसून सेकंद मोजत होता. चार. पाच. पुन्हा चार. पाणी कानाशी आलं की डोकं आपोआप वर यायचं. हे आकडे मी कुठेही लिहिले नाहीत.

मला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते—एवढं वाक्य बोललो असतो तर काय झालं असतं? ती हसली असती. बाळूनं वर्षभर चिडवलं असतं. मी होडीत टॉवेल घेऊन बसलो असतो, ती मासे बघून आली असती. एवढंच. पण मला ते चित्र सहन होत नव्हतं. ती पाण्यात, आणि मी पुन्हा कपडे राखत. आणि नुसती भीती होती असं म्हणालो तर तेही खोटंच. तिचं ते गुणगुणणं मला आवडत नव्हतं. घरात माझ्याशिवाय काहीतरी सुंदर चाललं होतं आणि त्यात माझा काहीच उपयोग नव्हता. याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

समुद्रात नेणाऱ्या लोकांनी एक फॉर्म पाठवला होता. दमा आहे का, फिट येते का, रक्तदाब किती. बीपी जास्त असेल तर पाण्यात उतरू देत नाहीत. आमच्याकडे बीपीचं काट्याचं यंत्र आहे—दंडाला पट्टा, हातात फुगा, कानात नळ्या. मी कंपनीतल्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकलो होतो. आपोआप आकडा दाखवणारं यंत्र मी मुद्दाम घेतलं नव्हतं. माझा त्यावर विश्वास नव्हता. काट्याच्या यंत्रात ठोका कधी सुरू झाला आणि कधी थांबला, हे फक्त कानात नळ्या घालणाऱ्यालाच कळतं.

रविवारची सकाळ होती. त्याच दिवशी फॉर्म पाठवून बोटीची जागा पक्की करायची होती. मंगल टेबलाशी बसली, डावा हात पुढे केला, उजव्या हातात पेन. “सांगा,” म्हणाली. मी फुगा दाबला, हवा सोडली. पहिला ठोका एकशे बावीसवर आला. शेवटचा अठ्ठ्याहत्तरवर. तरुण मुलीचं असावं असं रीडिंग.

मी म्हणालो, “एकशे बावन्न. खाली अठ्ठ्याण्णव.”

बावीस, बावन्न. अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याण्णव. जीभ घसरली असं म्हणता येईल, नाही? सुरुवातीला मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. पण जीभ एकाच श्वासात दोनदा, दोन्ही वेळा वरच्याच बाजूला घसरत नाही. आणि घसरली असती तर तिनं “परत मोजा की हो” म्हटल्यावर मी सुधारलं असतं. मी परत मोजलं. पुन्हा एकशे बावीस. मी म्हणालो, “एकशे अठ्ठेचाळीस.” कारण सारखंच दुसऱ्यांदा सांगितलं तर ते बसून भरल्यासारखं वाटतं, हे मला माहीत होतं.

पंधरा दिवस मी वही केली. सकाळ-संध्याकाळ. १५०, १४६, १५४, १४८. मस्तपैकी हलणारे आकडे. इतका चांगला खोटा तक्ता मी जन्मात पाहिला नव्हता; दुसऱ्या कुणाचा असता तर मलाही पकडता आला नसता.

डॉक्टरांकडे गेलो तोवर मंगल इतकी घाबरली होती, की तिथे तिचं खरंच थोडं जास्त निघालं. त्यांनी माझी वही पाहिली. इतकं नीट कुणी लिहून आणत नाही, म्हणाले. हलकी गोळी सुरू केली. महिन्याभरात आटोक्यात आलं तर खुशाल जा, असंही म्हणाले. जिना उतरताना मीच म्हणालो, “कशाला जोखीम घ्यायची? जिवापेक्षा मासे मोठे आहेत का?” तिनं मान हलवली. घरी येऊन तिनंच फ्रिजवरचा कागद काढला, घडी घालून मशीनच्या खणात ठेवला. बौदींना फोन केला. रडली नाही. मी बाजूला बसून होतो.

मला वाटलं होतं, सहल गेली की विषय संपेल. वर्षभरानं हळूच गोळी बंद करवू. पण गोळी घेणारी मंगल वेगळीच झाली. टँक बंद केला. लोणचं बंद, पापड बंद. ओझं उचलायचं नाही, भांडायचं नाही. आणि जे तिला नव्हतंच त्याची गोळी ती घेत होती, म्हणून तिचं बीपी उतरायला लागलं. एकशे चार. एकशे दोन. मी ऐकायचो आणि मोठ्यानं सांगायचो, “एकशे सव्वीस. गोळी छान लागू पडली.” डॉक्टरांकडे गेलं की धास्तीनं तिचं थोडं वरच निघायचं. घरातला खरा आकडा सांगितला असता तर डॉक्टरांनी गोळी थांबवून विचारलं असतं, आधी खरंच जास्त होतं का? उठताना अंधारी येते, असं ती म्हणायची. मी म्हणायचो, वय आहे.

अडीच वर्षं. दिवस किती होतात ते मी काढलेलं आहे, लिहीत नाही.

मग एका सकाळी गिऱ्हाइकाची पिशवी घेऊन खाली जाताना ती जिन्यात पडली. तेरा पायऱ्या. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात वरचं बीपी अठ्ठ्याण्णव भरलं. गोळी थांबवली, आणि ते पुन्हा कधी चढलं नाही. कसं चढेल? तिथले डॉक्टर म्हणाले, पथ्य नीट पाळलं की कधीकधी गोळी सुटते.

मनगट जुळलं, पण कात्री आता तिला बरोबर धरता येत नाही. कापड बेतताना कडा हलते. ब्लाउज तिनं सोडले. फॉल-बिडिंग तेवढं करते.

आणि ती सगळ्यांना काय सांगते ऐका. शेजारणींना, मुलीच्या सासरी, बाळूला. “ह्यांनी वही धरली म्हणून माझं बीपी वेळेत कळलं. नायतर त्या समुद्रातच काहीतरी झालं असतं. आणि ह्यांनीच पथ्य पाळायला लावलं म्हणून गोळी सुटली.” बाळू, मला चिडवायची एक संधी न सोडणारा बाळू, हे ऐकून माझ्या पाया पडला. “दाजी,” म्हणाला, “मी तुम्हाला भोपळा बांधा म्हणालो होतो.” मी त्याला उठवलं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? घरात चार माणसं होती, चहा ठेवला होता. मी म्हणालो, “असू दे रे.”

गेल्या दिवाळीनंतर मी तिला विचारलं, आता जाऊ या का अंदमानला? हे विचारताना मी मनात ठरवलं होतं—तिथे गेलो की होडीत बसेन, सगळ्यांसमोर सांगेन की मला पाण्याची भीती वाटते. तिथून सुरुवात करेन. “आता काय हो,” म्हणाली. “पाण्यात अंधारी आली म्हंजे? मला टँकच्या नुसत्या वासानं धडधडतं आता.” बौदींचा अजून अधूनमधून मेसेज येतो, दीदी, कब आओगी. मंगल हात जोडल्याचं चित्र पाठवते.

दर रविवारी सकाळी ती अजूनही टेबलाशी बसते आणि डावा हात पुढे करते. यंत्राला तिनं एक पिशवी शिवली आहे. निळ्या, ताणणाऱ्या कापडाची. मनगट मोडल्यानंतर तिनं शिवलेली ती पहिली वस्तू. टीप वाकडी गेली आहे. मी पिशवीतून यंत्र काढतो, पट्टा बांधतो, कानात नळ्या घालतो.

परवा एकशे चोवीस आलं. खाली ऐंशी. मी तसंच सांगितलं. आता मी तसंच सांगतो.

तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून कमी नाही ना सांगत?”

मी नाही म्हणालो.

“तरी परत एकदा मोजा,” ती म्हणाली.

मी परत मोजलं.