नखले खाटकाची दोन दिवसांची सुट्टी

बैरूतच्या आमच्या गल्लीत तेव्हा कुजबुज होती, की नखले खाटकाने बेकाच्या खोऱ्यात, एका वाइनवाल्याच्या माडीवर, बाईच्या पायी चुलतभावाला गोळी घातली. ‘बाईच्या पायी’ म्हणताना आमच्या पाववाल्याचा आवाज असा काही मऊ व्हायचा, की गिऱ्हाईक दोन पाव जास्तच घेऊन जायचं.

लोकांचा विश्वास बसला तो उगीच नाही. नखलेचा हात आधी उठायचा, कारण मागून यायचं. दुकानासमोर गाडी लावली म्हणून एकाचे पुढचे दात त्याने रस्त्यावर पाडले होते. कलेजी शिळी म्हणणाऱ्याला कॉलरला धरून बकऱ्यांच्या रांगेत आकड्याला टांगला होता. लग्नाच्या दिवशी मलाकेच्या दोन्ही भावांना त्याने चर्चच्या पायऱ्यांवर लोळवलं आणि त्याच पायऱ्या चढून तिला अंगठी घातली. घरात मात्र त्याने कधी आवाजही चढवला नाही.

थोरला मुलगा तन्नूसही कॅनडाला गेला, घर रिकामं झालं, आणि एक दिवस सदरा पिळता पिळता मलाकेने विचारलं, “हे रक्त बकऱ्याचं की माणसाचं?”

“दोघांचं,” नखले म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही.

“माणसाचं मी यापुढे धुणार नाही. मला कुठंतरी घेऊन चल. दोन दिवस, फक्त आपण दोघं. त्यात तू कुणाला बोट जरी लावलंस ना, तर तिथूनच बहिणीकडे जाईन. परत यायची नाही.”

दुसऱ्या दिवशी नखले माझ्या न्हाव्याच्या दुकानात खुर्चीत येऊन बसला. गळ्यावर वस्तरा असताना न हलणारा हा माणूस त्या दिवशी दर शब्दाला मान वळवत होता.

“ती जाईल रे,” तो म्हणाला. “जाते म्हणाली म्हणजे जाईलच.”

“मग ने की! द्राक्षांचा हंगाम आहे, बेकाला जा.”

“नदीकाठची हॉटेलं डॉलर मागतात. मी काय डॉलर कापतो दुकानात?”

शेवटी त्यानेच तोड काढली. सिमॉन नावाच्या लहानशा वाइनवाल्याकडे द्राक्षं तोडणारी माणसं जेवायला होती. त्यांच्यासाठी मांस नखलेने न्यायचं, बदल्यात द्राक्षं पिळायच्या घाण्यावरची माडीची खोली. वाइन चाखणं फुकट. अशी ही प्रेमाची सहल! व्हॅनमध्ये मलाके लिपस्टिक लावून बसली आणि शेजारी नखले, मांडीवर बरगड्यांनी भरलेली बर्फाची पेटी घेऊन.

ड्रायव्हरने पेटीचंही भाडं मागितलं.

“बरगड्या खिडकीतून डोंगर बघणार आहेत का?” नखले गुरगुरला.

मलाकेने नुसतं बघितलं. त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि पैसे तिला द्यायला लावले.

पहिली संध्याकाळ छान गेली. वेलींमधून फिरले. नखलेने सगळ्या पिंपांतली वाइन चाखून “ही लाकडासारखी लागते” एवढंच मत दिलं. मलाके इतकी हसली की सिमॉन बघायला बाहेर आला.

पण नखले एक चूक करून बसला होता. पलीकडच्याच गावात त्याचा चुलतभाऊ मिल्हेम राहायचा, आणि हे दोघे त्याला न सांगता आले होते. आमच्यात नातलगाच्या उंबऱ्यावरून जाऊन परक्याच्या खाटेवर झोपणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आणि व्हॅनचा ड्रायव्हर नेमका मिल्हेमच्या गावचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिल्हेम दोन दांडगे मुलगे घेऊन आला. खांद्याला पाखरं मारायची बंदूक होती. ती त्याने पाहुण्यासारखी दाराशी टेकवली आणि पायाने दार आत घातलं.

“आम्ही मेलो का, तन्नूसच्या बापा? घरात आठ गाद्या उन्हात टाकल्यात! कोकरू कापलंय!”

“उद्या येतो, भावा. आज आम्ही दोघंच...”

“दोघंच? नवे नवरानवरी का तुम्ही? वहिनी, बॅग उचला!”

“मी येणार नाही,” मलाके म्हणाली.

सिमॉन मध्ये पडला. मिल्हेमने त्याला असा लगावला की तो पेल्यांच्या फळीसकट खाली आला. पोरांनी नखलेचे दंड धरले. “चल काका, मुकाट्याने चल!” नखलेने हात खिशातून काढले नाहीत. मिल्हेमला तो तोरा वाटला. “वर मान करून बघतोस?” म्हणत त्याने ठोसा मारला. नाक मोडल्याचा आवाज खाली घाण्यापर्यंत गेला. नखले भिंतीवर आपटला, उठला, हात खिशातच. पोरांनी पोटात लाथा घातल्या. तो काचांवर गुडघ्यावर आला, रक्त हनुवटीवरून सदऱ्यात गळत होतं, आणि तो फक्त बायकोकडे बघत होता.

“मार की रे त्यांना!” मलाके किंचाळली.

“तू जाशील,” तो म्हणाला. मिल्हेमने केस धरून त्याचं डोकं चौकटीवर आपटलं.

मग बंदुकीचा बार झाला.

पोलीस आले तेव्हा मिल्हेम मांडी आवळून ओरडत होता, “चुलतभावाने गोळी मारली!” बाईने मारली हे त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. नखलेने मान डोलावली आणि मुकाट कोठडीत गेला. मिल्हेमने गावभर सांगितलं, भांडण बाईवरून झालं. तीच गोष्ट आमच्या गल्लीत आली. मलाकेने खरं काय ते माझ्या बायकोला सांगितलं, म्हणजे मला सांगितल्यासारखंच.

बंदूक मलाकेने उचलली. छर्रे मिल्हेमच्या मांडीत गेले. खोलीतली बाई म्हणजे नखलेची लग्नाची बायको होती. नखलेने त्या दोन दिवसांत कुणालाही बोट लावलं नाही, आणि मलाके बहिणीकडे गेली नाही.