समुद्रातही मधीच बस

आमच्या आरमोरीकडच्या गावात समुद्र नेमका कोणत्या दिशेला आहे हे कोणी खात्रीनं सांगू शकत नाही, आणि त्यावाचून कोणाचं काही अडतही नाही. अशा गावातून मी समुद्राच्या तळाशी राहणारे किडे अभ्यासायला गेले. “किडे तं आपल्या धानातबी हायेत,” एवढंच गाव म्हणालं. खवचट माणसं सगळी.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या संस्थेनं मला पाणबुडीतून तळाशी पाठवायचं ठरवलं. तिथं बटाट्यांसारखे धातूचे गोळे पसरले आहेत. ते खाण कंपन्यांना उचलू द्यायचे की नाही, याचे नियम दिल्लीला करायचे आहेत. आमचे सर म्हणत, आधी बघा, मग नियम करा. आणि बघण्यात आपला देश सगळ्यांच्या पुढे हवा. मी आनंदानं नुसती नाचत होते. फक्त मायचा होकार बाकी होता, आणि तो नसेल तर मी जाणार नव्हते. यावर कोणाला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं.

घरी गेले तेव्हा माय अंगणात मोहफुलं निवडत होती.

“किती जनं जाता?”

“तिघं.”

“मंग तू मधी बस.”

आमच्याकडे मोह वेचायला जंगलात जाताना रांगेनं जातात. पुढच्याला वाघ समोरून भेटतो, शेवटच्याला मागून उचलतो, म्हणून ज्याला त्याला मधली जागा हवी असते. शिवाय मोठ्यानं बोलत राहायचं आणि फार वेळ वाकायचं नाही. हे सगळे नियम मायनं जसेच्या तसे समुद्राला लावले.

“माय, ते पाणबुडी म्हंजे एक लोखंडी गोळा हाये. त्याले पुढं-मागं नसते.”

“तिघं हायेत ना? मंग एक मधी असतेच.”

“तिथी वाघ नाई!”

“तू पाह्यलं का?”

“नाई. म्हणूनच तं जाऊन राह्यली.”

“मंग नाई कसं म्हनतं?”

माझं डोकंच फिरलं. परिषदांमध्ये मी लोकांना हेच तर ऐकवत असते.

दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या अधिकाऱ्यांबरोबर मोबाइलवर बैठक होती. रेंज फक्त गोठ्यात येते, म्हणून मी बैलाशेजारी बसले. सरांनी जोरदार भाषण केलं, देशानं जगाच्या पुढे चाललं पाहिजे म्हणाले, आणि मला मत विचारलं. रात्रभर मायशी भांडून माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. माझ्या मोडक्या हिंदीत मी बोलून गेले, “सर, पुढे नको, मध्ये चालू. पुढच्याला वाघ खातो.”

मग एका अधिकाऱ्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, “वाघ म्हणजे कोणता देश?”

मी घाईघाईनं सावरलं, की गोळे उचलण्यात पुढे पळायची गरज नाही, बघण्यात मात्र पुढे असायला हवं. बैल तेवढ्यात हंबरला. सरांनी कपाळाला हात लावला आणि बैठक पुढच्या विषयावर गेली.

मी तणतणत अंगणात आले. मायनं सगळं ऐकलं होतं आणि ती भलतीच खूश होती.

“बरोबर बोलली माही पोरगी.”

“बरोबर काय, माय! माही इज्जत गेली. आन् मोहाले जातानी तू काऊन पुढं चालत होती?”

खरंच चालायची ती. खांद्यावर काठी, आणि वाघाच्या साऱ्या खानदानाला शिव्या घालत सगळ्यांच्या पुढे. लहानपणी मला वाटायचं, तिला पुढारपणाची हौसच आहे.

मायनं सुपातलं एक फूल उचललं, त्याची माती पुसली.

“मागं तू होती म्हनून,” ती म्हणाली.

मला एकदम रडू आलं. मी तिच्याजवळ बसले आणि उगाच मोह निवडू लागले.

“माह्याबी मागं हायेत, माय,” मी म्हणाले.

“कोन?”

“किडे.”

माय हसत सुटली, इतकी की तिनं सूप खाली ठेवलं. मी मात्र हसले नाही. ते किडे किती आहेत, कसले आहेत, गोळे उचलले तर कुठे जातील, हे कोणालाच ठाऊक नाही असं मी तिला सांगितलं. तिचं हसू हळूहळू थांबलं. तिनं सूप परत मांडीवर घेतलं.

“मंग जा, बाई,” ती म्हणाली. “त्याइले दुसरं कोन हाये?”